पाच जणांचा एक प्रकल्प : बसस्थानकाचे फलक, गटातील वाटणी आणि देवनागरी

शाईचा ठिपका
५ जानेवारी, रात्री ९.४०

सर्वांना नमस्कार. मी पुण्यात उपयोजित कलेच्या पदवी अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पायाभूत वर्ष धरून आमचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे. पहिल्या वर्षी स्थिरचित्र, द्विमित आणि त्रिमित संकल्पन, रंगशास्त्र, अक्षरलेखन असे सगळे विषय एकट्यानेच करायचे असतात. शीट माझी, रंग माझा आणि चूकही माझीच, हे तिथे स्पष्ट असते. गट-प्रकल्प त्यानंतर सुरू होतात आणि माझी अडचण तिथून सुरू झाली.

मागच्या सत्रात आम्हा पाच जणांना एका अंकाची संपूर्ण रचना करायची होती. आम्ही पहिल्याच दिवशी काम वाटून घेतले : एकाने मुखपृष्ठ, एकीने आतील मांडणी, एकाने चित्रे, एकीने मजकूर टंकित करणे आणि एकाने छपाई. त्यानंतर तीन आठवडे आम्ही एकत्र बसलोच नाही. सर्वांचे काम हाती आले तेव्हा असे दिसले की अर्धा मजकूर युनिकोडमध्ये होता आणि अर्धा जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये, त्यामुळे फाँट बदलताच त्या अर्ध्या मजकुराची निरर्थक चिन्हे झाली. चित्रे पडद्यापुरती, म्हणजे ७२ डीपीआयची होती. मुखपृष्ठाचा झळाळता निळा आरजीबीमध्ये, म्हणजे पडद्याच्या रंगपद्धतीत, निवडलेला होता, तो छापल्यावर मळकट झाला. मधल्या शिलाईच्या बांधणीला पानांची संख्या चारच्या पटीत लागते, आमची पाने ४६ भरली. शेवटच्या चार रात्री जागून मी ते सगळे जुळवले. ज्युरीमध्ये, म्हणजे परीक्षकांपुढच्या सादरीकरणात, अंकाचे कौतुक झाले आणि पाचही जणांना सारखेच गुण मिळाले. गुणांचे दुःख मला आहेच, परंतु त्याहून अधिक दुःख याचे आहे की त्या अंकातून बाकीच्या चौघांपैकी कोणी काहीही शिकले नाही, आणि मीही बरेचसे काम घाईतच केले.

आता नवा प्रकल्प मिळाला आहे. पुण्याजवळच्या एका तालुक्याच्या गावातील एस.टी. बसस्थानकासाठी दिशादर्शक फलकांची संपूर्ण योजना करायची आहे. मुदत सहा आठवड्यांची आहे. गट पाच जणांचाच, आणि त्यात मागच्या गटातील दोघे आहेत. त्यांच्यापैकी एक जण तर मागच्या वेळी जवळजवळ आलाच नव्हता. मला जाणकारांकडून तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत : काम कसे वाटावे, कोणी काय केले याची नोंद कशी ठेवावी, आणि देवनागरीतील फलकांसाठी कोणती काळजी घ्यावी. मी वाचलेली बहुतेक पुस्तके रोमन अक्षरांसाठी लिहिलेली आहेत.


कलाअध्यापिका
६ जानेवारी, सकाळी ७.१५

तुझा प्रश्न वाचला आणि माझ्या वर्गातील अनेक गट डोळ्यांसमोर आले. मी गेली सतरा वर्षे उपयोजित कला शिकवते आहे. तुमच्या अंकाचे जे झाले ते आळसामुळे कमी आणि वाटणीच्या पद्धतीमुळे अधिक झाले, असे मला वाटते. ‘तू फाँट बघ, मी रंग बघते’ अशी वाटणी झाली की प्रत्येक जण आपल्या तुकड्यापुरता जबाबदार राहतो, आणि तुकड्यांमधले सांधे कोणाच्याच वाट्याला येत नाहीत. तुमची ४६ पाने हा असाच एक सांधा आहे. मजकूर लिहिणारीला बांधणी ठाऊक नव्हती आणि छपाई बघणाऱ्याला पाने किती होतील हे ठाऊक नव्हते.

माझ्या वर्गात मी एक वही सक्तीची केली आहे, तिला आम्ही निर्णयवही म्हणतो. तिच्यात प्रत्येक निर्णयाची तारीख, निर्णय, त्याचे कारण, नाकारलेले पर्याय आणि कोणाचा आक्षेप होता हे लिहायचे असते. ही वही प्रत्येक आठवड्यात वेगळ्या विद्यार्थ्याच्या हाती असते, त्यामुळे पाच आठवड्यांत पाचही जणांना गटाचे सगळे काम समजून घेऊन शब्दांत मांडावे लागते. ज्युरीच्या वेळी मी ज्याने अक्षर निवडले त्याला रंगाविषयी विचारते आणि जिने चिन्हे काढली तिला फलकाच्या उंचीविषयी. उत्तर आले नाही तर त्या विद्यार्थ्याचे गुण कमी होतात. शंभरपैकी चाळीस गुण मी वैयक्तिक आकलनासाठी आणि स्वतःच्या कच्च्या रेखाटनांसाठी राखून ठेवते. तुमच्या महाविद्यालयात अशी पद्धत नसेल तर तुम्ही पाच जणांनी मिळून, प्रकल्पाच्या आरंभीच, तशी लेखी विनंती करावी. शेवटी केलेली विनंती तक्रारीसारखी वाचली जाते.

कच्ची रेखाटने फेकू नका. पेन्सिलीने काढलेल्या चिठोऱ्यावरही तारीख आणि आद्याक्षर घाला. संगणकातील फाइलवरून कोणी काय केले हे फारसे कळत नाही, कारण शेवटची जुळणी बहुधा एकाच्याच संगणकावर होते.


अक्षररेषा
६ जानेवारी, दुपारी १.०५

मी मुंबईत फलकयोजनांचेच काम करतो. सर ज. जी. उपयोजित कला संस्थेत शिकलो. बाईंनी सांगितलेली वही अत्यंत उपयोगी आहे, पण तिच्याही आधी एक दिवस पाचही जणांनी एकत्र स्थानकावर घालवावा असे मी आग्रहाने सांगेन. पहाटेची पहिली गाडी, दुपारची सुस्त वेळ आणि संध्याकाळी शाळा-महाविद्यालये सुटल्यानंतरची गर्दी, अशा तिन्ही वेळा पाहा. संगणक नेऊ नका. माणूस कुठे थबकतो, कोणाला विचारतो आणि काय विचारतो एवढेच टिपा. चौकशीच्या खिडकीजवळ उभे राहून तासभर प्रश्न लिहून घेतले तर तुमच्या योजनेचा आराखडा त्या प्रश्नांतूनच निघेल. ज्या ठिकाणी माणसाला डावीकडे की उजवीकडे हे ठरवावे लागते तिथे फलक हवा. बाकीच्या ठिकाणी लावलेला फलक गर्दीत भरच घालतो.

एस.टी.च्या स्थानकाचे काही प्रश्न त्याचे स्वतःचे आहेत. विमानतळाच्या योजना पाहून ते सुटत नाहीत. अमेरिकेच्या परिवहन विभागासाठी १९७४ मध्ये ३४ चिन्हांचा एक संच तयार झाला, १९७९ मध्ये तो ५० चिन्हांचा झाला, आणि जगभर आपण जी स्त्री-पुरुषांची, सामानाची, चौकशीची चिन्हे पाहतो त्यांच्यावर त्याचा मोठा प्रभाव आहे. तो संच जरूर अभ्यासा. परंतु त्यात बस आहे, शौचालय आहे, हिरकणी कक्ष मात्र नाही. मुलाला पाजण्यासाठी आडोसा शोधणाऱ्या बाईला हे चिन्ह दुरून, संकोच न वाटता, ओळखता आले पाहिजे. ते तुम्हालाच काढावे लागेल, आणि माझ्या मते या प्रकल्पातील सर्वांत मोलाचे काम तेच ठरेल.

दुसरा प्रश्न नावे बदलण्याचा. १ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला गेली. त्या शहराचे नाव आज अहिल्यानगर आहे. गावांची नावे बदलतात, गाड्यांचे फलाट बदलतात, वेळा तर सतत बदलतात. म्हणून गावाच्या नावाची पट्टी सरकवून काढता येईल अशी रचना करा. एका मोठ्या फलकावर सगळे छापून टाकले तर पहिल्या बदलाबरोबर त्यावर कागद चिकटवावा लागेल.

आणि न वाचणाऱ्या प्रवाशाचा विचार आरंभापासून करा. लान्स वायमन यांनी मेक्सिको सिटीच्या १९६९ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोसाठी प्रत्येक स्थानकाला स्वतंत्र चित्रचिन्ह दिले, त्यामुळे अक्षरओळख नसलेल्यालाही आपले स्थानक ओळखता आले. आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून मतपेटीपाशी हेच तत्त्व वापरले गेले. निवडणूक आयोगासाठी एम. एस. सेठी यांनी काढलेली कंदील, पंखा, शिवणयंत्र यांची चिन्हे शोधून बघा. एका रंगात, लहानशा आकारात, खराब छपाईतही ती ओळखू येतात. तुमच्या चिन्हांची परीक्षा तशीच घ्या.


मांडवीकाठ
६ जानेवारी, रात्री ८.३०

मी गोव्यात ग्राफिक डिझाइन शिकते. आमच्या गटाने फेरीबोटीच्या धक्क्यासाठी फलक केले होते आणि त्यावर कोकणी, मराठी व इंग्रजी अशा तीन भाषा होत्या. कोकणी आणि मराठी दोन्ही देवनागरीत असल्यामुळे आम्ही गाफील राहिलो. टंकित करणारी मुलगी मराठी बोलणारी होती, आणि कोकणी वाक्यात तिच्याकडून ‘आसा’च्या जागी ‘आहे’ गेले. मोठ्या आकारात छापून होईपर्यंत ते कोणाच्या लक्षात आले नाही. तेव्हापासून आमचा नियम असा आहे की ज्याने मजकूर टंकित केला त्याने तो तपासायचा नाही. दुसऱ्याने कागदावर छापून, मोठ्याने वाचून, पेन्सिलीने खुणा करत तपासायचा.


शाईचा ठिपका
८ जानेवारी, रात्री ११.२०

आपल्या सर्वांचे मनापासून आभार. बाईंच्या सूचनेप्रमाणे आम्ही वैयक्तिक गुणांसाठीची विनंती लिहिली आहे. त्यावर चौघांच्या सह्या झाल्या, पाचव्याची राहिली. काल आम्ही चौघेच स्थानकावर गेलो होतो. चौकशीच्या खिडकीपाशी दीड तासात आम्ही ६४ प्रश्न टिपले. त्यातील ३१ प्रश्न एकच होते : अमुक गावची गाडी कुठल्या फलाटावर लागते? शौचालयाविषयी अकरा जणांनी विचारले आणि त्यातील नऊ स्त्रिया होत्या. हिरकणी कक्षाविषयी एकीनेही विचारले नाही, तो तिथे असूनही. आम्ही आत डोकावलो तेव्हा तो रिकामा होता, आणि बाहेर बाकावर एक बाई पदर ओढून मुलाला पाजत बसली होती. ते पाहून आम्ही चौघेही बराच वेळ काही बोललो नाही.

आता अक्षराविषयी विचारते. इंग्रजी पुस्तकांतील कोष्टके कॅपिटल अक्षराच्या उंचीवरून अंतर सांगतात. देवनागरीत कोणती उंची धरायची? आणि न आलेल्या मुलाविषयी मी मार्गदर्शक सरांना आताच सांगावे का?


अक्षररेषा
९ जानेवारी, सकाळी १०.५०

तुमची ६४ प्रश्नांची यादी जपून ठेवा. ती तुमच्या अहवालाचे पहिले पान व्हावी.

कोष्टक जसेच्या तसे घेऊ नका. देवनागरीत शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची ही मुख्य, आणि तिच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरे असतात. हे सगळे एकाच मापात बसवायचे असल्याने, एकाच पॉइंट-मापात ठेवलेले देवनागरी अक्षर बहुतेक फाँटमध्ये रोमन कॅपिटलपेक्षा लहान दिसते. म्हणून दोन्ही लिपी एका फलकावर असतील तर आकडा बघून माप देऊ नका. डोळ्यांनी जुळवा आणि देवनागरी मोठी ठेवा. ओळींमधील अंतरही वाढवावे लागते, अन्यथा वरच्या ओळीतील उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो.

माझी पद्धत अगदी साधी आहे. तुमच्याच मार्गावरची गावे घ्या : भोर, घोडेगाव, खेड, शिरूर, लोणंद, कऱ्हाड. ही नावे तीन-चार फाँटमध्ये, प्रत्यक्ष आकारात, ए-थ्री कागदांचे तुकडे जोडून छापा आणि भिंतीवर लावा. मग मागे मागे चालत जा आणि वाचणे कुठे थांबते त्या पावलावर खूण करा. हे वाचणाऱ्याला नावे आधी ठाऊक असता कामा नयेत. भोरमधला भ लांबून म वाटतो, घोडेगावमधला घ आणि ध यांत घोटाळा होतो, खेडमधल्या ख चे दोन भाग सुटे असतील तर ‘रवेड’ दिसते. जाड वजन (म्हणजे जाड रेषेचे अक्षर) अधिक ठळक म्हणून निवडाल तर अक्षरांच्या आतील पोकळ्या बुजतील. मध्यम वजन बहुधा अधिक लांबून वाचता येते.

लोणंदचा ल आणि शिरूरचा श मी मुद्दाम यादीत घातले. या दोन अक्षरांची मराठी वळणे हिंदी वळणांपेक्षा वेगळी आहेत, आणि महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णमालेविषयीच्या शासन निर्णयातही मराठी वळणेच स्वीकारलेली आहेत. र. कृ. जोशी यांनी आखलेला मंगल हा फाँट वर्षानुवर्षे आपल्या प्रत्येकाच्या संगणकावर होता, आणि त्यात ही अक्षरे हिंदी वळणाची असल्यामुळे पुष्कळ मराठी मुलांना आपली वळणे ओळखीची राहिलेली नाहीत. काही नव्या फाँटमध्ये मजकुराची भाषा मराठी अशी ठरवली की वळणे आपोआप बदलतात, काहींत पर्यायी अक्षर हाताने निवडावे लागते. कऱ्हाडसाठी र ऐवजी नुक्त्याचा ऱ घेऊन त्याचा पाय मोडा, नाहीतर रफार ह च्या डोक्यावर जाऊन बसेल. इलस्ट्रेटर या संगणकप्रणालीत काम करत असाल तर भारतीय लिपींचा परिच्छेद-कंपोजर, म्हणजे अक्षरे नीट जुळवणारी सोय, आधी चालू करा. तो बंद असेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाते आणि जोडाक्षरे सुटतात. आणि अक्षरांमधील अंतर कधीही वाढवू नका. रोमनमध्ये ते शोभते, देवनागरीत शिरोरेषा जागोजागी तुटते.

न आलेल्या मुलाविषयी मी सांगेन की सरांना आताच कळवावे. व्यवसायात मी असे लोक पोसले आहेत आणि प्रत्येक वेळी नुकसान कामाचे झाले आहे.


सकाळची गाडी
९ जानेवारी, रात्री १०.००

अक्षररेषा सरांचा अनुभव मोठा आहे, तरीही शेवटच्या परिच्छेदाविषयी मला नम्रपणे वेगळे सांगायचे आहे. नऊ वर्षांपूर्वी मी अशाच एका गटातला ‘न येणारा मुलगा’ होतो.

मी दौंडहून पुण्याला रोज गाडीने येत असे. संध्याकाळची गाडी चुकली तर घरी पोहोचायला रात्रीचे अकरा वाजत. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांत मला उत्तम श्रेणी होत्या, प्रवेशपरीक्षेतही चांगले गुण होते, हात चांगला होता; संगणक मात्र नव्हता. पहिल्या वर्षी कागद, रंग, माऊंटबोर्ड यांचा खर्च वडिलांनी कसाबसा केला. दुसऱ्या वर्षी गटातील सगळे जण संध्याकाळी सात वाजता कोणाच्या तरी खोलीवर जमायचे, फाइल एकमेकांना पाठवायचे, आणि रात्री बाराला गटाच्या संदेशांत लिहायचे की ‘लेयर बदलली आहे, बघून घ्या’. मी ती फाइल उघडूच शकत नव्हतो. हे सांगायची मला लाज वाटली, म्हणून मी संदेशांना उत्तर देणे बंद केले. गटाने सरांना लेखी कळवले की मी काम करत नाही, आणि ते खरेच होते. मी त्या विषयात अनुत्तीर्ण झालो. पुढे अभ्यासक्रम पूर्ण केला, आज एका प्रकाशनगृहात मुखपृष्ठे करतो. पण ते पत्र मी अजून विसरलेलो नाही.

म्हणून एवढेच सुचवतो की तक्रारीपूर्वी तुमच्यापैकी एकाने, सर्वांनी मिळून नव्हे, त्याला महाविद्यालयाच्या वेळेत भेटावे आणि ‘का येत नाहीस’ असे न विचारता, ‘तुला कोणत्या वेळी आणि कुठे काम करता येईल’ असे विचारावे. उत्तर मिळाले नाही तर सरांकडे जरूर जा.


कलाअध्यापिका
१० जानेवारी, सकाळी ७.००

‘सकाळची गाडी’ यांचे लिहिणे वाचून मला माझ्या काही निर्णयांविषयी शंका वाटू लागली आहे. संगणक नसलेली मुले माझ्या वर्गात दरवर्षी असतात आणि त्यातील सगळीच ते बोलून दाखवत नाहीत. यापुढे गट-प्रकल्पाच्या पहिल्या दोन आठवड्यांत केवळ कागदावर आणि वर्गाच्या वेळेतच काम करायचे, असा नियम मी करणार आहे.

ठिपका, तुझ्याविषयीही एक सांगायचे आहे. चार रात्री जागून तू सगळे जुळवलेस, तेव्हा उरलेल्यांना त्यांची चूक दिसण्याची संधी गेली. मुखपृष्ठाचा मळकट निळा ज्याचा होता त्यानेच तो छापखान्यात उभा राहून पाहायला हवा होता. या वेळी दुसऱ्याची फाइल स्वतः दुरुस्त करू नकोस. खुणा करून परत दे, वेळ गेला तरी चालेल. तुझ्यासारख्या मनापासून काम करणाऱ्या मुलींना हे फार अवघड जाते, हे मी जाणते.


रेडियम आणि रंग
१२ जानेवारी, दुपारी ३.४५

माझे कोल्हापुरात फलक करण्याचे दुकान आहे. वडील ब्रशने पाट्या रंगवत, मी रेडियम कटिंग (चिकटणाऱ्या रंगीत पातळ शीटमधून अक्षरे कापणे) आणि फ्लेक्स करतो. विद्यार्थी माझ्याकडे सबमिशनच्या आदल्या दिवशी येतात आणि मग त्यांची फाइल चालत नाही, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

अक्षरे कर्व्ह करून, म्हणजे फाँटऐवजी नुसते आकार करून, आणा हे सगळ्यांना ठाऊक असते. पण देवनागरी कर्व्ह केल्यावर प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या शिरोरेषेवर जराशी चढलेली असते. ते पडद्यावर दिसत नाही आणि छपाईतही दिसत नाही. प्लॉटरची, म्हणजे कापणाऱ्या यंत्राची, सुरी मात्र कडेवरून फिरते, त्यामुळे अक्षरे जिथे एकमेकांवर चढतात तिथे शिरोरेषेवर आडवे काप पडतात, आणि नको असलेले रेडियम सोलून काढताना रेषेचे बारीक तुकडेही निघून येतात. यासाठी कर्व्ह केल्यानंतर संपूर्ण शब्द वेल्ड करून एकसंध आकार करावा लागतो. वेल्ड केल्यावर मजकूर बदलता येत नाही, म्हणून तपासणी त्याआधी पूर्ण करा आणि मूळ फाइल वेगळी ठेवा. रेषेची जाडी तीन मिलिमीटरच्या खाली गेली तर रेडियम चिकटवताना ताणले जाते.

उन्हात लाल रंग सर्वांत आधी उडतो. स्थानकाच्या पश्चिमेकडच्या बाजूला लाल पार्श्वभूमी देऊ नका. बाणही हाताने काढून पाहा. तयार बाण लांबून ठिपक्यासारखे दिसतात.


शाईचा ठिपका
१८ फेब्रुवारी, रात्री ९.१०

काल आमची ज्युरी झाली. जे झाले ते क्रमाने लिहिते.

‘सकाळची गाडी’ दादांनी सांगितल्याप्रमाणे मी आमच्या पाचव्या सहकाऱ्याला वर्गाच्या वेळेत भेटले. त्याच्याकडे संगणक आहे आणि तो वसतिगृहातच राहतो, त्यामुळे दादांसारखी अडचण त्याची नव्हती. त्याने येतो म्हटले, दोनदा आला, फलाट क्रमांकांची काही रेखाटने केली आणि पुन्हा येणे थांबवले. चौथ्या आठवड्यात आम्ही सरांना कळवले. निर्णयवहीत त्याची दोन रेखाटने तारखेसह होती आणि आम्ही ती काढून टाकली नाहीत. त्याने जेवढे केले तेवढे त्याच्या नावावर राहिले. यात मला समाधान वाटत नाही. गट चौघांचा म्हणून नीट चालला, पाच जणांचा म्हणून चालला नाही, हे मला मान्य करावे लागते.

परंतु दादांच्या पत्राचा उपयोग दुसऱ्याच ठिकाणी झाला. आमच्या गटातील एक मुलगी मंचरहून ये-जा करते, हे आम्हा तिघांना ठाऊक असूनही आम्ही सगळ्या बैठका संध्याकाळी ठेवत होतो. तीही गप्प होती. आम्ही बैठका दुपारच्या सुट्टीत आणल्या. हिरकणी कक्षाचे चिन्ह शेवटी तिनेच काढले. तिच्या आधी आम्ही तिघांनी बाळाची बाटली, बाळाचा चेहरा, पाळणा असे सगळे काढून पाहिले होते, आणि स्थानकावर दाखवल्यावर बायकांनी त्याला दवाखाना किंवा पोलिओचे केंद्र म्हटले. तिने बसलेली बाई आणि खांद्यावरून खाली येणाऱ्या पदराची एकच वक्र रेषा काढली. मूल त्या रेषेच्या आत आहे हे कळते, दिसत मात्र नाही. बाकावरच्या वीस जणींना विचारले तेव्हा सतरा जणींनी ते बरोबर ओळखले. एका आजींनी विचारले की ही खोली खरेच इथे आहे का, आणि त्या सुनेला घेऊन तिकडे गेल्या.

अक्षरांच्या चाचणीत एक गोष्ट आमच्या अपेक्षेविरुद्ध निघाली. आम्हाला सर्वांत देखणा वाटलेला फाँट भिंतीवर सर्वांत आधी हरला. ‘घोडेगाव’ अठ्ठावीस पावलांवर बुजले, तर साध्या, मोकळ्या पोकळ्यांच्या फाँटमध्ये ते एकेचाळीस पावलांपर्यंत वाचता आले. तो देखणा फाँट माझी निवड होती. वहीत माझ्या हाताने लिहिले आहे की तो नाकारला आणि का नाकारला.

कलाअध्यापिका बाई, दुसऱ्याची फाइल दुरुस्त करायची नाही हा नियम मी एकदा सोडून पाळला. तो एक प्रसंग वेल्डचा होता. ज्याच्याकडे अंतिम फाइल होती त्याने ‘कऱ्हाड’ वेल्ड केल्यानंतर पाहिले की रफार चुकीच्या जागी आहे, आणि मूळ फाइल त्याने ठेवली नव्हती. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी नाव पुन्हा टंकित करून पाठवले. दुसऱ्या दिवशी त्याने मला सांगितले की मी अर्धा तास थांबले असते तर त्याने ते स्वतः केले असते, आणि मला वाटते की तो खरे बोलत होता.

ज्युरीत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला फलकाच्या खांबाची उंची विचारली. ती जबाबदारी माझी नव्हती, पण डोक्यावर गाठोडे घेतलेल्या माणसाचे डोके फलकाला लागू नये म्हणून आम्ही मोजमाप कसे घेतले ते मी सांगू शकले. गुण अजून कळलेले नाहीत. सरांनी वैयक्तिक गुणांची विनंती मान्य केली आहे.

रेडियम काका, एक प्रश्न आहे. स्थानकाच्या वाहतूक नियंत्रकांनी आमचे चाचणीचे कागद काढू दिले नाहीत. फलाटांची पट्टी आणि हिरकणी कक्षाचे चिन्ह एवढे तरी टिकाऊ करून द्या, असे ते म्हणाले, आणि आगार व्यवस्थापकांची लेखी परवानगी मिळवून देणार आहेत. आम्हा चौघांकडे मिळून साडेतीन हजार रुपये आहेत. सनबोर्ड (हलका फोमचा फळा) चालेल का?


रेडियम आणि रंग
१९ फेब्रुवारी, सकाळी ११.३०

सनबोर्ड आतल्या भिंतीवर चालेल, बाहेर फार टिकणार नाही. बाहेरच्या चिन्हासाठी तीन मिलिमीटरची एसीपी (ॲल्युमिनियमचा थर असलेली) शीट घ्या आणि कोपऱ्यांना स्क्रू मारा, फक्त दुहेरी टेपवर ठेवू नका. फलाटांच्या पट्ट्या सरकवायच्या आहेत, तर वरखाली ॲल्युमिनियमची खाच लागेल. ती पुण्यात भंगारातही चांगली मिळते. पट्ट्या किती आहेत आणि प्रत्येकीची लांबी किती ते कळवा. फाइल वेल्ड करून पाठवा, आणि या वेळी मूळ फाइलही सोबत ठेवा. कटिंगचे पैसे मी घेणार नाही, रेडियमचे तेवढे द्या.


शाईचा ठिपका
१९ फेब्रुवारी, दुपारी २.१५

काका, पट्ट्या चौदा आहेत. लांबी मोजायला मंचरची मैत्रीण आणि मी शनिवारी सकाळी जात आहोत. ती परत जाताना त्याच स्थानकावरून गाडी धरते.